मुंबई हरल्यावर

आमचा कॉन्रॅड अंगाईने झोपत नाही, आजीच्या मांडीवरही नाही. दुपारी माझे सासरे ओट्यावर ट्रान्झिस्टर लावून रणजीच्या सामन्याची कॉमेंट्री ऐकायचे, त्या आवाजातच त्याचा डोळा लागायचा. तेवढ्यात मीही जरा पाठ टेकून घ्यायची. दिवसभरात माझी झोप म्हणजे तेवढीच.

यंदा मुंबई लवकरच हरून बाहेर पडली. बाबांनी ट्रान्झिस्टरचे सेल काढून ठेवले आणि त्यांची जेवणावरची वासनाच उडाली.

"वादळात केळीची अख्खी बाग आडवी झाली तेव्हा नीट जेवलात," सासूबाई करवादल्या, "आणि आता भरलं ताट परत?"

"केळी पुन्हा लावता येतात, मटिल्डा."

तेव्हापासून कॉन्रॅड दुपारभर रडायचा. काल तो माझ्या खांद्यावर रडत होता आणि उभ्याउभ्याच माझे डोळे मिटत होते. बाबांनी उठून त्याला माझ्याकडून घेतलं. "जा बाय, पड जरा." मग पाळण्याची दोरी धरून, अगदी रेडिओवरच्या आवाजात, त्यांनी स्वतःच मुंबईचा डाव सुरू केला.

मला जाग आली तेव्हा ऊन ओट्यावरून उतरलं होतं. बाबांची कॉमेंट्री चालूच होती.

"बाबा, तो केव्हाच झोपलाय. आता तुम्ही दोन घास खाऊन घ्या."



"थांब गं बाय," दोरी न सोडता ते हळूच म्हणाले, "शेवटची जोडी खेळतेय. मुंबईला अजून अकरा धावा हव्यात."