सावळीरामचा कान

“बंद कर! बंद कर आधी!” सावळीराम ओरडला.

गाडीत बसलेल्या स्नेहाने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. चाकं जागच्या जागी फिरवणाऱ्या रोलरवर पट्ट्यांनी करकचून बांधलेली ज्योत्स्नाची लाल गाडी हळूहळू शांत झाली.

“परत आला आवाज?”

“परत आला.”

सावळीरामची ऐकायची रीत जुनी होती. इंजिनला तांब्याची नळी बोल्टने कसायची, तिला रबरी पाइप जोडायचा आणि पाइपचं दुसरं टोक कान झाकणाऱ्या जाड मफमध्ये घालायचं. टर्बोने हवा जास्त कोंबली आणि ठिणगी वेळेआधी पडली, की इंजिन आतून टिकटिकतं. तिकडे दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक पडतं. ही टिकटिक लॅपटॉपच्या आधी सावळीरामला कळते, असं अंबडमधला प्रत्येक गॅरेजवाला छातीठोकपणे सांगायचा. पार मालेगावहून गाड्या यायच्या. “भाऊंनी कान लावला का?” एवढंच लोक विचारायचे. लावला म्हणजे काम फत्ते.

आज गुरुवार. मंगळवारपासून या एका गाडीने त्याला रडकुंडीला आणलं होतं. टर्बोचं प्रेशर उतरवलं, टिकटिक तशीच. ठिणगी उशिरा टाकली, तशीच. व्हॉल्व्ह लवकर उघडायचे की उशिरा, हे इंजिन धावता धावता स्वतः बदलतं. तेही सगळं त्याने मागे घेतलं. आता घाटात शर्यत लावायची गाडी शाळेच्या व्हॅनइतकी गरीब झाली होती आणि टिकटिक जागची हलली नव्हती.

“काका, सेन्सर काहीच दाखवत नाहीये,” स्नेहाने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. चार वर्षं ती त्याच्या हाताखाली शिकत होती.

“तुझ्या सेन्सरला कान आहेत का?”

“बरं, आरपीएम वाढवला की टिकटिक वाढते का?”

“नाही. तेवढीच राहते.”

“मग ती ठिणगीची कशी असेल?”

“व्हॉल्व्हचं टायमिंग फिरवणाऱ्या गिअरची पिन सैल झाली असणार. आता तू मला शिकवणार का?”

इतकं तोडून तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. पण महिनाभर त्याला झोपच नव्हती. घरी त्याने बेडरूममधला पंखा बदलून घेतला होता. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवला होता. नळ गळतो म्हणून वरच्या मजल्यावरच्यांशी भांडूनही झालं होतं. बायको, वत्सलाबाई, आता मोबाइलवर वेळ बघून त्याचा डबा भरायची.

दुपारी ज्योत्स्ना आली. रविवारी वर्षातली शेवटची शर्यत होती. पहिल्या तिघांत आली तर एक मोठी टीम तिला घेणार होती. नाहीतर तिला बापाचं द्राक्षाचं पॅकहाऊस सांभाळायचं होतं. तसं घरात ठरलंच होतं.

“काका, आहे तशी द्या ना. फुटलं इंजिन तर फुटलं.”

“माझ्या हातून गेलेलं इंजिन आजवर फुटलेलं नाही. उघडावं लागेल.”

“आता? रविवारपर्यंत होईल?”

“पिनच असेल तर होईल.”

ज्योत्स्नाने स्नेहाकडे पाहिलं. स्नेहाने मान खाली घातली. भाऊंच्या कानापुढे बोलायचं कुणी?

“तुम्हाला ऐकू आलंय म्हणजे असणारच,” ज्योत्स्ना म्हणाली आणि निघून गेली.

शुक्रवारी दुपारपर्यंत इंजिन गाडीतून सुटं झालं. पिन तिच्या जागी घट्ट बसलेली होती. सावळीरामने ती भिंगाखाली धरली, दोनदा पुसली. मग हेड उघडलं, पिस्टन काढले, बेअरिंग काढली. सगळं कोऱ्या भांड्यांसारखं लख्ख. कुठे ओरखडा नाही, कुठे काही सैल नाही. आता जोडायचं तर नवे गॅस्केट हवे होते आणि ते पुण्याहून सोमवारी येणार होते.

त्याने स्वतःच ज्योत्स्नाला फोन लावला. “रविवारचं जमत नाही, बेटा.”

पलीकडून ती फक्त “बरं, काका,” म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तो स्टुलावर बसून राहिला.

एवढ्यात लाइट गेली. शेजारच्या कारखान्यातला दिवसभर धडधडणारा प्रेस थांबला. कॉम्प्रेसर थांबला. पंखा गरगरत गरगरत थांबला.

“किती शांत वाटतंय ना, काका?” स्नेहा म्हणाली.

सावळीरामने मान वर केली. नळी आणि मफ खिळ्याला लटकत होते. त्याने भिंतीवर घड्याळ शोधलं. गॅरेजमध्ये घड्याळ नव्हतंच. तो उठून नळाकडे गेला आणि त्याखाली हात धरला. नळ कोरडा होता.

“काय झालं?” स्नेहाने विचारलं.

त्याने दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबले आणि समोरच्या टेबलाकडे पाहिलं. इंजिन तुकड्यातुकड्यांनी ट्रेमध्ये मांडलेलं होतं, आणि टिकटिक चालूच होती.