मालतीचा पहिला मांडा

"चार दिवसांपासून माझ्या मागं वही घेऊन कायले फिरू रायली तू?" धुरपदाबाईंनी गव्हाचं सूप खाली ठेवत सुनेला विचारलं.

तृप्ती ओशाळली. लोधीपुऱ्यातल्या या घरात येऊन तिला सात वर्षं झाली होती, तरी सासूने असं समोरून पकडलं की तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. तिने वही पाठीमागे लपवली, म्हणजे आणखीच सापडली.

शेवटी सांगावं लागलं. तिने कादंबरी लिहिली होती. कॉलेजातल्या निरंजन सरांनी ती वाचून शेवटच्या पानावर शेरा मारला होता : 'एक मुख्य पात्र सपाट राहिलं आहे. ते भरीव करा, मग प्रकाशकाकडे पाठवतो.' कोणतं पात्र, ते सरांनी लिहिलं नव्हतं. मास्तर लोकांना कोडी घालायची हौसच असते. तृप्तीनेही विचारलं नाही, कारण तिला उत्तर माहीत होतं. कादंबरीत गोदाक्का नावाची एक सासू होती आणि ती अकराच्या अकरा प्रकरणं नुसती डाफरत होती.

"सपाट म्हंजे?"

"मतलब, पहिल्या पानावर जशी, तशीच शेवटच्या पानावर. भरीव माणूस मधेच असं काही करतो की आपण चाट पडतो, आणि तरी ते पटतं."

"आन् गोदाक्का म्हंजे मी."

तृप्तीने सुपातला एक खडा उचलला आणि तो बराच वेळ हातात धरून ठेवला.

"वाच," धुरपदाबाई म्हणाल्या.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती. सणाच्या मांड्यांसाठी लागणारे गहू निवडून व्हायचे होते. सासू गहू निवडत राहिली, सून वाचत राहिली. सात वर्षांत जे काही जमलं होतं ते आता मोडणार, अशी तृप्तीची खात्रीच झाली होती. गोदाक्काने सुनेच्या माहेरच्या साडीला नावं ठेवली. गोदाक्काने पाहुण्यांसमोर तिच्या वरणाला 'हळदीचं पाणी' म्हटलं. एके ठिकाणी गोदाक्का विचारते, "तुझ्या आईनं तुले फक्त केस विंचरायले शिकवलं का?" तिथे धुरपदाबाई खदखदून हसल्या.

"हे मीच म्हटलं होतं. बराबर याद ठेवलं तू."

"आई, तुम्हाला राग नाही आला?"

"कायले येईन? सासू झकास जमली. डाफरते, पन सुनेले ताप आला तं डाफरत डाफरत काढा बी तीच करते. रातभर पाय बी दाबते. तूच तं लिहिलं."

तृप्तीने पानं उलटली. खरंच लिहिलं होतं.

"पन ती सून कोन हाये? मालती?"

"ती... अशीच आहे एक."

"आपल्या गल्लीत तं अशी कोनी नाही. तिचं दूध उतू जात नाही. ती खोटं बोलत नाही. रडते, तरी काजळ पसरत नाही. आन् लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीले मांडा चादरीएवढा करते." धुरपदाबाईंनी पुन्हा सूप उचललं. "पहिला मांडा कोनाचा फाटत नाही व?"

पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत पातळ करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद पसरायचा, हे काही चार दिवसांत येणारं काम नव्हे. तृप्तीचा स्वतःचा पहिला मांडा सगळ्या बायकांसमोर फाटून चुलीत पडला होता. पुरणाची राख झाली होती. आणि ती पटकन म्हणाली होती की, ज्योतीताईंनी कणीक नीट तिंबली नाही. भरल्या घरात नणंदेने तिच्यापायी बोलणी खाल्ली होती.

"कनिक चांगली होती," धुरपदाबाई सुपाकडेच बघत म्हणाल्या. "मीच तिंबली होती."

"तुम्हाला माहीत होतं? मग ज्योतीताईंना का रागावलात?"

"ती माझी पोरगी. माझ्या बोलन्यानं तिले काय होते? तुले बोलली असती तं तू दुसऱ्या दिवशी माहेरची गाडी धरली असती."

"आणि त्या काहीच कशा बोलल्या नाहीत?"

"मी तिले डोळा मारला ना."

तृप्तीला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग हसू आलं, आणि मग दोन्ही एकदमच. निरंजन सरांनी कोणाबद्दल लिहिलं होतं ते तिला आता कळलं. तिने पेन काढलं, मालतीच्या चादरीएवढ्या मांड्यावर आडवी रेघ मारली आणि तिथेच, गव्हाच्या ढिगाशेजारी बसून, खाली लिहायला लागली. चार ओळी झाल्यावर तिने वाचून दाखवलं.

"मालतीचा मांडा फाटून चुलीत पडला. तिने लगेच नणंदेचं नाव पुढे केलं. नणंद मुकाट बोलणी खात होती, आणि खोटं पचलं म्हणून मालतीला फार बरं वाटत होतं."

धुरपदाबाईंचा गव्हातला हात थांबला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता ही आपल्या घरातली दिसते."