मागच्या अंगणातला आखाडा

“सामान बांध,” चांगदेव दारातूनच म्हणाला. “दुपारच्या बसनं महूला चाललोय आपण. बस्स, बहुत झालं.”

मंजुळाने बापाकडे पाहिलं आणि ती हसली. “जय भीम, आबा. आधी पाणी तर प्या.”

चांगदेवाने पाणी घेतलं नाही. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. रागात असला की तहानसुद्धा हुकमाने रोखून धरायचा. त्याची नजर मुलीच्या डाव्या मनगटावर होती. प्लास्टर निघालं होतं, पण हात अजून बारीक दिसत होता. इंदूरच्या या वेड्यांच्या इस्पितळात एका रुग्णाने तो पिरगाळून मोडला होता, आणि बापाला ते कळलं दोन महिन्यांनी, तेही शेजाऱ्याच्या तोंडून.

“राजधानी भोपाळला गेली तेव्हापासून इंदुरात काही धड राहिलं नाही,” तो म्हणाला.

राग खरा होता, पण त्याच्या मुळाशी अभिमानच होता. महूच्या त्यांच्या आळीत नर्स झालेली ही पहिली मुलगी. पांढऱ्या टोपीतला तिचा फोटो त्याने बाहेरच्या खोलीत लावला होता आणि पोस्टमनलासुद्धा बसवून दाखवला होता. अशा पोरीवर कोणी हात टाकावा?

“कुठाय तो?”

“दोन नंबरात. पुरुषांच्या वॉर्डात.”

“बांधून ठेवलाय?”

“नाही.”

“नाही? अरे, मग काय पूजा करता त्याची?”

“रखवालदार काठ्या घेऊन वॉर्डात यायला निघाले होते, आबा. मीच मोठ्या डॉक्टरांना नको म्हटलं. काठी दिसली की रुग्ण घाबरतो, आणि घाबरलेला माणूसच हात उचलतो. त्यापेक्षा आम्ही सुटायचं शिकतोय. पकड सोडवायची, पण समोरच्याला न दुखवता. तुम्ही एकदा बघा. नाही पटलं तर मी नोकरी सोडते आणि येते तुमच्याबरोबर.”

फौजी माणसाला शब्दाची किंमत कळते. “चल,” तो म्हणाला.

मागच्या अंगणात लिंबाखाली माती खणून, भुसभुशीत करून आखाडा केला होता. नर्सा पदर खोचून उभ्या होत्या. मधोमध एक धिप्पाड गडी होता, मान बैलासारखी, कान कुस्तीत चुरगळलेले. चांगदेवाने पायरीशी बूट काढले. मातीचा मान त्यालाही ठाऊक होता.

“हे मालोजी. देपालपूरचे पैलवान,” मंजुळा म्हणाली. “यांचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते. आमचे उस्ताद.”

मालोजीने हात जोडले, पण नजर खालीच ठेवली. पैलवान माणसं अशीच, चांगदेवाला वाटलं. अंगात जोर असला की जिभेत नसतो.

तेवढ्यात एका खिडकीच्या गजांवर कोणीतरी थाळी बडवू लागलं. चांगदेवाने डोळे बारीक केले. “हाच का तो?”

“त्याला भूक लागलीय, आबा. तुम्ही इकडे बघा.”

“धरू, सिस्टरजी?” मालोजीने विचारलं, आणि हो म्हटल्यावरच प्रेमलता सिस्टरचं मनगट धरलं. प्रेमलता म्हणजे फुंकर मारली तर उडेल अशी. पण ती मागे ओढत बसली नाही. त्याच्या अंगठ्याच्या बाजूने तिने मनगट फिरवलं आणि मोकळी झाली. मग त्याने तिचे केस धरले. तिने त्याचाच पंजा दोन्ही हातांनी आपल्या डोक्यावर दाबला, लांब न पळता त्याच्या जवळ गेली, वाकली आणि सुटली. मालोजीला खरचटलंही नाही.

मंजुळा पुढे आली तेव्हा तो थबकला. “डावा नको,” तो पुटपुटला.

“डावाच धरा. असा नाही. जोर लावून.”

त्याने जोर लावला. चांगदेव एक पाऊल पुढे सरकला. पण पुढच्याच क्षणी पोर मोकळी होऊन हातभर अंतरावर उभी होती, आणि घामाघूम झालेल्या मालोजीला शांतपणे सांगत होती, “बसा. श्वास घ्या. सगळं ठीक है.”

“क्या बात है!” चांगदेव ओरडलाच. बंदूक हातात घेऊन छाती काढणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. रिकाम्या हाताने उभी राहणारी ही आपली लेक आहे, या विचाराने त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने ते लपवलेही नाहीत.

“नोकरी सोडायची नाही,” त्याने फर्मावलं. “आणि उस्तादाचा मान बाकी आहे.”

डोक्यावरचा साफा उतरवून तो मालोजीच्या डोक्याला बांधायला गेला. मालोजी मागे सरला. “नको, हवालदारसाहेब. माझी लायकी नाही.”

“खरा उस्ताद असंच म्हणतो, भिया.” चांगदेवाने ऐकलं नाही. साफा बांधून होताच मालोजी त्याच्या पायाशी वाकला. होळकरी शिलेदाराच्या घरातला गडी महूच्या हवालदारापुढे वाकतो, हे पाहून चांगदेवाची छाती फुगली.

“पोर तुमच्या भरवशावर सोडून चाललोय. आणि तो हात मोडणारा दिसला तर सांगा त्याला, पुन्हा बोट जरी लावलं तर गाठ चांगदेवाशी आहे.”

“सांगतो,” मालोजी म्हणाला. “रोज सांगतो त्याला.”

औषधाची घंटा झाली आणि आखाडा रिकामा झाला. दोन नंबरचे रुग्ण व्हरांड्यात रांगेने उभे राहू लागले. मंजुळाने गोळ्यांचा ट्रे उचलला. चांगदेव पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता.

“जायच्या आधी एकदा तोंड तरी बघू दे त्याचं,” मान वर न करता तो म्हणाला. “भांडत नाही. या रांगेत कोण आहे तो?”

“तुमचा साफा बांधलेला, आबा.”