अकरा दहाचा मुहूर्त

या मंडळी, जरा जवळ सरका, आरतीआधी एक गोष्ट सांगते.

न्यूझीलंडमध्ये पोरिरुआजवळच्या एका जुन्या गावात सुधाकररावांच्या गॅरेजचा पाया खणताना एक कवटी निघाली, कुऱ्हाडीच्या घावाने दुभंगलेली. खोदकामावर देखरेख करणाऱ्या पुरातत्त्व खात्याच्या मुग्धाने काम थांबवलं.

सुधाकरराव म्हणाले, "अगं, पायाभरणीचा अकरा दहाचा मुहूर्त टळेल. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्याला आता काय लागणार?"

"काका, त्याला एकदा मारलंय. पुन्हा नको."

सुधाकररावांनी भाड्याचा डिगर, म्हणजे खोदायचं यंत्र, स्वतःच सुरू केला. मुग्धाने खड्ड्यात उडी घेतली, कवटीवर पालथी पडली. खाली येणारं लोखंडी बकेट त्यांना आवरलंच नाही.

कवटीला ओरखडाही आला नाही.



आरतीनंतर हात जोडाल, तेव्हा मुग्धाला आठवा. तिला आता एकच हात आहे.