पदर

“वीस वर्षं या शाळेत खिचडी शिजवतेय मी. आता तुम्ही मला हात धुवायला शिकवणार?” हौसाबाई फणकारल्या.

प्रशिक्षण द्यायला आलेल्या मॅडम नुसत्या हसल्या. सकाळीच त्यांनी हौसाबाईंच्या हातांना पावडर चोळली होती. “हे जंतू समजा आणि रोजच्यासारखी ताटं मांडा.” आता अंधार करून त्यांनी ती पावडर चमकवणारा जांभळा दिवा धरला. साबणानं धुतलेल्या ओल्या हातांवर एक ठिपकाही चमकला नाही.

“बघा!” हौसाबाईंनी हात नाचवले.

दिवा खाली सरकला. येताजाता हात पुसलेला पदर निळाशार पेटला. त्याच पदरानं पोरांसाठी मायेनं पुसलेलं एकेक ताटही.

गेल्या महिन्यात पोरांना जुलाब लागले, तेव्हा पाण्याची टाकी भरणाऱ्या दगडूला हौसाबाईंनीच कामावरून काढायला लावलं होतं.

“मावशी, टाकी मी घासली होती हो,” तो रडून रडून सांगत होता.