रिझर्व्ह

दवाखान्याच्या स्टोअरकीपरकडे आतल्या कपाटात बारा कोरी ब्लँकेटं कायम कुलपात असायची. त्यांना तो 'रिझर्व्ह' म्हणायचा. वेळ काय सांगून येते, हे त्याचं पालुपद. वॉर्डातून सिस्टरची चिठ्ठी आली की मान वर न करता तो खाली लिहायचा, 'शिल्लक नाही. पुढच्या आठवड्यात बघू.' वीस वर्षं तेच लिहून हात शिणला, पण कुलूप काही निघालं नाही.

मग त्याची आईच त्या वॉर्डात दाखल झाली. तापानं दात वाजत होते आणि अंगावर एक विरलेली चादर. सिस्टरला चिठ्ठी लिहा म्हणून सांगणार तरी कुठल्या तोंडानं? दुपारी त्यानं गुपचूप कपाट उघडलं, एक ब्लँकेट पिशवीत घातलं आणि दवाखान्याच्या शिक्क्याची बाजू आत करून आईला पांघरलं.

"घरून आणलंत ते बरं केलंत," सिस्टर म्हणाली. "आमच्याकडे कुठलं मिळायला."

शेजारच्या खाटेवरची म्हातारीही कुडकुडत होती. तिच्या उशाशी बसलेली लेक संकोचत म्हणाली, "दादा, तुमच्या घरी असं आणखी एखादं असेल का? धुऊन परत देईन."

उरलेली अकराच्या अकरा त्याच्या डोळ्यांसमोर आली. द्यावं, असं मनातही आलं.

"शिल्लक नाही," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात बघू."