बोगद्यापलीकडचा देश

"तुमच्या स्की कुठायत, आजोबा?" व्हॅनमध्ये सामान चढवताना ओस्मारने विचारले.

"तिथे भाड्याने मिळतात," डॉक्टर एव्हारिस्तो मेद्रानो म्हणाले. त्यांच्या हातात एकच चामडी बॅग होती, आणि आयुष्यात त्यांनी कधी पायाला स्की लावल्या नव्हत्या.

अर्जेंटिनातल्या मेंदोसाच्या विमानतळावरून सीमेपलीकडे चिलीतल्या पोर्तियोला निघालेल्या त्या व्हॅनमध्ये आणखी एकच प्रवासी होती: लाल टोपीतली, तिशीची यानिना. पोर्तियोच्या उतारांवर ती मुलांना स्की शिकवीत असे. निदान तिने तसे सांगितले.

दुपारी ब्वेनोस आयरेसचे न्यायालय डॉक्टरांना देश सोडण्यास मनाई करणार होते. वकिलाने सकाळी फोनवर दोनच गोष्टी बजावल्या होत्या. जायचे तर आजच. आणि सरकार पक्षाकडे साक्षीदार नाही, पुरावा नाही; तुमचे तोंड तेवढे आहे, ते बंद ठेवा. जन्मभर बायकांची बाळंतपणे केलेल्या, पंचाहत्तरी उलटलेल्या माणसामागे देशाने असे हात धुऊन लागावे, याचे डॉक्टरांना नवल वाटत नव्हते. कृतज्ञतेची अपेक्षा त्यांनी लोकशाही आली तेव्हाच सोडली होती.

घाट सुरू झाला. ओस्मारने भोपळ्याच्या प्याल्यात माते, तिकडचा कडवट पाल्याचा चहा, भरून मागे दिला. यानिनाने सगळ्यांच्या सामाईक नळीने तो ओढून संपवला आणि परत केला. पुन्हा भरलेला प्याला डॉक्टरांपुढे आला.

"नको."

"नको? का, माझ्या तोंडाला वास मारतो?"

"मारतोच," यानिना म्हणाली. "बायको सोडून गेली ती काय उगाच?"

"ती माझ्या घोरण्याने गेली, बाई. उगाच माझी बदनामी नको."

डॉक्टर हसले नाहीत. परक्याच्या हातचे काही प्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. माणसाला काय काय पाजता येते, हे त्यांना व्यवसायाने ठाऊक होते.

यानिनाने पिशवीतून सफरचंद काढले. "हे तरी घ्या. चिलीवाले फळ आत येऊ देत नाहीत, वास घ्यायला कुत्रा सोडतात. दर खेपेला मला सगळी पिशवी वाटेतच संपवावी लागते. तुम्ही डॉक्टर कसले?"

"बायकांचा."

"अय्या! ब्वेनोस आयरेसला? मी तिथलीच. छावणीच्या इस्पितळात जन्मले. बाबा सार्जंट होते ना. आईला मूल होणारच नाही म्हणून सगळ्यांनी हात टेकले होते, आणि मग अचानक मी! आई अजून चमत्कार म्हणते. तुम्ही कुठल्या इस्पितळात होता?"

"बऱ्याच."

डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले. लाल टोपी, सफरचंद, चमत्कार. पाठ चांगला घोकून घेतला होता पोरीकडून. सार्जंटचा तपशील तर नेमका जागी बसवला होता. गळ टाकणाऱ्यांनी आमिषात कसर ठेवली नव्हती.

वाटेतल्या उस्पायाता गावात ओस्मार उतरून फोनवर बराच वेळ बोलला. "घाट उघडा आहे म्हणतात," परत येऊन त्याने सांगितले आणि आरशातून डॉक्टरांकडे पाहिले. "बरं वाटत नाही का? घाम आलाय तुम्हाला."

दुपार उलटून गेली होती. निकाल लागला असणार, आणि तो तारेवरून व्हॅनच्या पुढे धावला असणार.

डॉक्टरांनी ही सीमा शेवटची ओलांडली ती लष्करी राजवटीच्या अखेरीस. तेव्हा अर्जेंटिनाची चौकी बोगद्याच्या अलीकडे असे, चिलीची पलीकडे, आणि दोन्हीकडचे पहारेकरी एकमेकांवर डोळे वटारून उभे असत. त्या अलीकडच्या चौकीपाशी सगळे संपू शकत होते. वळण आले, तशी त्यांनी बॅग घट्ट धरली.

चौकीची दारे बर्फात अर्धी गाडली गेली होती. ओस्मारने वेगही कमी केला नाही.

"इथे कोणी नाही?"

"या थंडीत इथे भूतसुद्धा थांबत नाही, आजोबा."

मग बोगदा आला. मध्यावर सीमेची पाटी मागे पडली, पुढे उजेड दिसला आणि त्या उजेडात चिलीचा झेंडा. डॉक्टर प्रथमच हसले.

"दे रे तो माते."

एका दमात त्यांनी प्याला रिकामा केला आणि ते यानिनाकडे वळले.

"पोरी, ज्यांनी तुला पाठवलं, त्यांना माझा निरोप दे. हो, तो मीच. त्या कैदी मुली माझ्याच हातून बाळंत झाल्या, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या. पोरं आम्ही चांगल्या, देशभक्त घरांत दिली. सार्जंटांच्या वांझ बायका त्याला चमत्कार म्हणत. आयांना मी झोपेचं इंजेक्शन देई. मग त्यांना विमानात चढवत आणि विमान समुद्रावरून रिकामं परत येई. सांग त्यांना. परक्या देशात ते माझं काय वाकडं करणार?"

यानिनाच्या हातातले सफरचंद तसेच राहिले.

"मला कोणी पाठवलेलं नाही," ती म्हणाली. मग तिने विचारले, "माझी आई कोण होती?"

व्हॅन एका प्रचंड छपराखाली शिरली. ओस्मारने इंजिन बंद केले, मागे वळून डॉक्टरांच्या हातातला प्याला काढून घेतला. या वेळी तो आजोबा म्हणाला नाही.

"पासपोर्ट काढा, डॉक्टर. आता दोन्ही देशांचे अधिकारी इथेच बसतात. पहिली खिडकी अर्जेंटिनाची."